गॅलरीतली भाजी: बी आणण्याआधी ऊन मोजा

दसऱ्याच्या सुमारास नर्सऱ्या गजबजतात. फुलावर आलेलं टोमॅटोचं रोप, सहा इंची कुंडी आणि पोतंभर ‘बागेची माती’ घरी येते. संक्रांतीपर्यंत त्या कुंडीत वाळकी काडी उरते आणि ‘आमच्या हाताला गुण नाही’ असं ठरवून टाकलं जातं. खरं तर सगळा क्रम उलटा झालेला असतो: रोप आधी, कुंडी नंतर, माती मिळेल ती, आणि ऊन किती येतं हे सगळ्यात शेवटी कळतं.

खालचे टप्पे ४ × १० फुटांची गॅलरी धरून लिहिले आहेत आणि हंगाम हिवाळ्याचा आहे, म्हणजे तयारी गणपतीपासून, लागवड दसऱ्यानंतर. हवामान पुणे-नाशिककडचं धरलं आहे. मुंबई-कोकणात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## १. आठ दिवस ऊन मोजा

उजेड आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आमच्याकडे भरपूर उजेड असतो’ यावर टोमॅटो पिकत नाही. जमिनीवर स्पष्ट सावली पडते तेवढाच वेळ ऊन म्हणून धरा. गॅलरीत खडूने तीन-चार खुणा करा आणि आठवडाभर दर तासाला कोणत्या खुणेवर ऊन आहे ते टिपून ठेवा. वरच्या मजल्याची गॅलरी, समोरची इमारत, वाळत घातलेले कपडे, सगळं यात आपोआप मोजलं जातं.

- ६ तास किंवा जास्त: टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, वेलभाज्या.
- ४ ते ५ तास: मिरची (उत्पन्न कमी), मुळा, चवळी, सगळ्या पालेभाज्या.
- ३ ते ४ तास: पालक, मेथी, कोथिंबीर, अळू, पुदिना.
- त्याहून कमी: पुदिना आणि अळू तग धरतील, बाकी नाद सोडा.

इथे एक गोष्ट हमखास फसवते. दक्षिणेकडच्या गॅलरीत डिसेंबरात ऊन आतपर्यंत येतं, पण पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. त्या काळात हीच गॅलरी जवळपास उन्हावाचून राहते आणि उत्तरेच्या गॅलरीला सकाळ-संध्याकाळ ऊन मिळतं. म्हणजे हिवाळ्यात घेतलेलं माप उन्हाळी भेंडीला लागू पडत नाही. हंगाम बदलला की पुन्हा मोजा. पश्चिमेच्या गॅलरीत तास पुरेसे भरतात, पण मार्चनंतर दुपारचं ऊन आणि तापलेली भिंत मिळून पानं भाजतात. तिथे ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लागते.

## २. वजन आणि पाण्याची वाट

या मापाच्या गॅलरीत एका हंगामाला एवढं पुरे:

- १५ × १५ इंचांच्या ३ ग्रो बॅग (२ टोमॅटो, १ वांगं)
- १२ × १२ इंचांच्या ३ ग्रो बॅग (मिरची)
- २ फूट × १ फूट, ७–८ इंच खोल असे ३ ट्रे (पालेभाजी)

ओल्या मिश्रणाचं वजन लिटरला साधारण एक किलो धरलं तर मोठी बॅग ३५–४० किलो, लहान १८–२० आणि ट्रे ३० किलोच्या आसपास जातो. सगळं मिळून अडीचशे किलो, म्हणजे गॅलरीत चार माणसं कायमची उभी. नुसती माती भरली तर हाच आकडा दीडपटीच्याही पुढे जातो. मोठ्या बॅगा घराच्या भिंतीला लागून किंवा खांबाजवळ ठेवा, बाहेरच्या कडेला फक्त पसरट ट्रे. इमारत जुनी असेल, स्लॅबला तडे असतील तर आधी अभियंत्याला दाखवा.

सावधान: कठड्यावर किंवा कठड्याबाहेर काहीही ठेवू नका, बांधूनसुद्धा नाही.

प्रत्येक बॅगेला बोटभर रुंदीची पाच-सहा भोकं हवीत. त्यातली दोन तळापासून इंचभर वर, बाजूला पाडा. तळ जमिनीला चिकटला तरी पाणी बाजूने निघतं. बॅगा विटांवर किंवा स्टँडवर उचलून ठेवा. खाली फरशी ओली राहिली की गळतीची तक्रार खालच्या मजल्यावरून येते आणि बाग तिथेच संपते.

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, खापऱ्या किंवा खडी यांचा थर घालायची रीत सोडा. बारीक मिश्रणातून जाड खडीत पाणी सहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं. निचरा सुधारत नाही आणि मुळांची तीन इंच जागा मात्र जाते. भोकावर मच्छरजाळीचा तुकडा टाकला की झालं.

तपासा: रिकाम्या बॅगेत मगभर पाणी ओता. ते कुठे वाहत जातं आणि मोरीपर्यंत पोचतं का, हे माती भरण्याआधी कळलं पाहिजे.

## ३. मिश्रण, जिथे निम्मी बाग ठरते

वरच्या सगळ्या बॅगा आणि ट्रे भरायला २० लिटरच्या बादलीने:

- लाल माती ४ बादल्या
- फुललेलं, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४ बादल्या
- गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत ४ बादल्या
- निंबोळी पेंड ६०० ग्रॅम (२० लिटरला ५० ग्रॅम)

हे पाणी घातल्यावर बसतं, म्हणून प्रत्येक घटक थोडा जास्त आणून ठेवा.

माती: काळी माती कुंडीत घालू नका. ओली झाली की चिखल, वाळली की भेगा, आणि त्या भेगांतून पाणी सरळ खाली. पर्यायच नसेल तर तिचं प्रमाण निम्मं करा आणि उरलेली जागा कोकोपीटने भरा.

कोकोपीट: पाच किलोच्या विटेतून साधारण ६५–७५ लिटर भुसा निघतो. तो पाण्यात फुलवून, पिळून ते पाणी टाकून द्या. असं दोन-तीनदा करा. नारळाच्या काथ्यात क्षार असतात. न धुता वापरलं तर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा तपकिरी होतात आणि दोष बियाण्याला लागतो. नुसत्या कोकोपीटमध्येही भाजी लावू नये, त्यात अन्न जवळजवळ नसतं.

शेणखत: कुजलेलं खत काळसर, भुसभुशीत असतं आणि पावसाच्या मातीसारखा वास येतो. ढिगात हात घातला आणि कोमट लागलं, किंवा शेणाचा वास आला, तर ते कच्चं आहे. कच्च्या खताच्या उष्णतेने मुळं भाजतात आणि त्यातून हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या येतात.

मर रोगापासून (झाड एकाएकी कोमेजतं तो) बचावासाठी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर वापरणार असाल तर किलोभर गांडूळखताला १० ग्रॅम मिसळा, ओलसर करून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा, मग मुख्य मिश्रणात घाला. कोरडी पावडर उन्हातल्या मातीवर भुरभुरली तर पैसे वाया.

बॅगा वरून दोन इंच मोकळ्या ठेवा. काठोकाठ भरलेल्या कुंडीत पाणी मुरत नाही, गाळ घेऊन बाहेर सांडतं.

तपासा: ओलं मिश्रण मुठीत घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर बरोबर. पाणी ठिबकलं तर कोकोपीट जास्त ओलं आहे, गोळाच झाला नाही तर मिश्रण कोरडं. तयार मिश्रण ओलसर ठेवून आठ-दहा दिवस मुरू द्या, मग लागवड.

## ४. बी: काय पेरायचं, काय नाही

कोबी आणि फ्लॉवर या जागेत लावू नका. एक मोठी बॅग अडीच-तीन महिने अडते आणि हाती एक गड्डा येतो, तोही अळीने आधी चाखलेला. बटाटा-कांद्याचंही तेच. रोज थोडं तोडता येईल ते लावा.

नावाच्या वाणाचं बी घ्या. मिरचीत फुले ज्योती, वांग्यात मांजरी गोटा, टोमॅटोत अर्का रक्षक, पालकात ऑलग्रीन, मुळ्यात पुसा चेतकी. उन्हाळी भेंडीसाठी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, कारण भेंडीचं मुख्य दुखणं म्हणजे शिरा पिवळ्या पडणारा केवडा आणि हे दोन्ही वाण त्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. पाकिटावरची मुदत वाचा. गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बी औषध लावलेलं असतं. ते भिजवू नका, हात धुवा, मुलांपासून दूर ठेवा.

रोप करून लावायची पिकं:

- मिरची, वांगी: बी गणपतीत टाका. उगवायला ८–१४ दिवस, लागवडीला ३५–४० दिवस.
- टोमॅटो: त्यानंतर दहा दिवसांनी. उगवण ५–८ दिवसांत, लागवड २५–३० दिवसांनी.

कागदी कपात किंवा रोपांच्या ट्रेमध्ये निम्मं कोकोपीट आणि निम्मं चाळलेलं गांडूळखत भरा, बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका. उगवेपर्यंत झाकलं तरी चालेल. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी झाकण काढून उन्हात आणा. इथे दोन दिवस उशीर झाला की रोप उजेड शोधत उंच, पांढुरकं आणि लुळं होतं. ते पुढे सुधारत नाही, नवं बी टाकलेलं बरं.

थेट पेरायची पिकं:

- मेथी: रात्रभर भिजवून दाट पेरा. ३–५ दिवसांत उगवते, २५–३० दिवसांत काढणी.
- पालक: रात्रभर भिजवून दोन बोटांच्या अंतरावर. पहिली कापणी ३०–३५ दिवसांनी.
- कोथिंबीर: धणे चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, मग ८–१२ तास भिजवा. उगवायला ८–१२ दिवस लागतात. बहुतेक जण सहाव्या दिवशी ‘उगवत नाही’ म्हणून माती उकरतात, आणि तिथेच कोंब मोडतात.

तिन्ही ट्रे एकाच दिवशी पेरू नका. दहा दिवसांच्या अंतराने पेरलं तर दर दहा दिवसांनी जुडी मिळते. एकदम पेरलं तर एका आठवड्यात मेथीच मेथी आणि मग महिनाभर मोकळे ट्रे.

बी टाकायचं राहिलं असेल तर रोपं विकत घ्या, पण फूल किंवा फळ लागलेलं रोप घेऊ नका. लहान पिशवीत मुळं गुंडाळली गेल्यामुळे घाबरून आलेलं ते फूल असतं. चार ते सहा इंच उंच, जाड देठाचं, सरळ पानांचं रोप निवडा. पानाखाली पांढरे ठिपके उडताना दिसले तर त्या रांगेतलं काहीच घेऊ नका.

## ५. लागवड

संध्याकाळी करा. आधी रोपाला आणि बॅगेला पाणी द्या. एका बॅगेत एकच रोप. मिरचीची ‘दोन लावू, एक मेलं तर’ अशी सवय असते, मग दोन्ही जगतात आणि दोन्ही अर्धपोटी राहतात.

टोमॅटो खालची पानं काढून देठ खोल गाडा, गाडलेल्या देठालाही मुळं फुटतात. वांगं आणि मिरची मात्र होती तेवढ्याच खोलीवर. टोमॅटोला चार-पाच फुटांची काठी लागवडीच्या दिवशीच रोवा. महिन्याने रोवली तर मुळं तुटतात. देठ आणि काठी इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल सुतळीचा फास देऊन बांधा.

पहिले तीन-चार दिवस दुपारची सावली करा. मग वाळलेली पानं किंवा नारळाची शेंडी पिंजून दीड-दोन इंच आच्छादन घाला, पण देठापासून दोन बोटं दूर. कबुतरांसाठी जाळी याच दिवशी लावा. कोथिंबिरीचा कोवळा ट्रे ती एका सकाळीत साफ करतात.

## ६. पाणी

जास्त पाण्याने मेलेली रोपं कमी पाण्याने मेलेल्यांपेक्षा फार जास्त असतात, कारण दोन्हींत रोप सारखंच मान टाकतं. माती ओली असून पानं मलूल असतील तर मुळं गुदमरली आहेत. तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे शेवटचा घाव.

बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर आज नाही. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी टपकेपर्यंत द्या, १२ इंची बॅगेला साधारण एक ते दीड लिटर. हिवाळ्यात एक-दोन दिवसांआड, एप्रिल-मेमध्ये रोज, तापलेल्या गॅलरीत दोनदा. रोज कपभर शिंपडायची पद्धत वाईट: वरचा इंच ओला राहतो, मुळं तिथेच घुटमळतात आणि एक दिवस गावाला गेलात की संपलं.

कोकोपीट वरून सुकलेलं आणि आत ओलं असतं, रंगावरून ठरवू नका. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका. त्यात क्षार एकवटलेले असतात आणि कुंडीत साठत जातात. एसीचं पाणी चालतं.

टोमॅटोच्या फळाचा खालचा भाग काळा, चामड्यासारखा होत असेल तर तो बहुधा रोग नसतो. कधी कोरडं, कधी तुडुंब अशा पाण्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफलं मातीत टोचून हे लगेच थांबत नाही, त्यांना विरघळायला महिने लागतात. पाण्याची वेळ नियमित करा, पुढची फळं नीट येतात.

सावधान: बॅगेखाली ताटल्या ठेवल्या असतील तर आठवड्यातून किमान एकदा त्या ओतून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

## ७. खत

लागवडीनंतर पहिले तीन आठवडे काही देऊ नका, मिश्रणात पुरेसं आहे. त्यानंतर दर १५ दिवसांनी १२ इंची बॅगेला दोन मुठी गांडूळखत, मोठीला चार. वरची माती हलकी उकरून त्यात मिसळा आणि पाणी द्या.

शेंगदाण्याची पेंड चांगली, पण प्रमाणात. १०० ग्रॅम पेंड दोन लिटर पाण्यात तीन दिवस भिजवा, रोज ढवळा, मग दहापट पाणी मिसळून बॅगेला अर्धा लिटर, तेही फुलं येईपर्यंतच. पुढेही पेंडीतलं नत्र (नायट्रोजन) चालू ठेवलं तर झाड हिरवंगार, डेरेदार होतं आणि फळ धरत नाही. ‘झाड छान आहे पण टोमॅटो येत नाहीत’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा पेंडीचा डबा सापडतो, नाहीतर उन्हाचे तास कमी असतात.

भाजीची देठं, सालं, उरलेला चहा सरळ कुंडीत टाकू नका. चिलटं आणि उंदीर येतात आणि कुजताना मुळांजवळ उष्णता होते. वेगळ्या डब्यात कुजवून मग घाला.

## ८. फळधारणा

मुंबई-पुण्याच्या उंच मजल्यांवर मधमाश्या येतीलच असं नाही. टोमॅटो, वांगी, मिरचीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात. सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांचा देठ बोटाने दोन-तीनदा टिचकवला की काम होतं. रात्री उकडू लागलं, दिवसाचा पारा ३५ अंशांपुढे गेला, की टोमॅटोची फुलं गळतातच. मार्चअखेरीस गळणाऱ्या फुलांवर औषध शोधू नका, हंगाम संपला आहे.

वेलभाज्यांना हाताने परागण करावं लागतं. मादी फुलाच्या मागे इवलं फळ असतं, नर फुलाचा देठ साधा. पहिले काही दिवस फक्त नर फुलं येतात, घाबरू नका. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात. दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. सकाळी ब्रश घेऊन दोडक्यापाशी उभं राहणाऱ्याच्या हाती मिटलेली फुलं लागतात. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच घासा.

## ९. कीड: आठवड्यातून दोनदा पान उलटून बघा

वरून दिसेपर्यंत कीड पसरलेली असते. मावा किंवा पांढरी माशी दिसली की आधी पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या मागच्या बाजूने मारा. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात १–२ मिली द्रवसाबण मिसळून ५ मिली कडुलिंबाचं तेल, संध्याकाळी, आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी पाहून मग सगळीकडे. दर सात दिवसांनी तीन वेळा. भर उन्हात मारलं तर पानं करपतात.

मिरचीची पानं वर वळत असतील तर फुलकिडे, खाली वळत असतील तर कोळी (माइट ही बारीक कीड). दोन्हींत वळलेले शेंडे खुडून टाका आणि मग फवारा. मुंग्यांची रांग चढताना दिसली तर पिठ्या ढेकूण किंवा मावा वर कुठेतरी आहेच. वांग्याचा शेंडा एकाएकी माना टाकतो तेव्हा आत अळी असते. शेंडा दोन इंच खालून कापून गॅलरीबाहेर काढा, फवारून ती मरत नाही.

कोकणात आणि मुंबईत टोमॅटो-वांग्याचं हिरवंगार झाड दोन दिवसांत कोमेजलं तर देठ कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात उभा धरा. दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर ती जिवाणूजन्य मर. त्यावर घरगुती उपाय नाही. झाड मातीसकट टाकून द्या, त्या मातीत पुन्हा मिरची-टोमॅटो-वांगी नकोत.

## १०. तोडणी आणि पुढचा हंगाम

पालक दोन इंच देठ ठेवून कापा, तीन-चार कापण्या मिळतात. मिरची हिरवी असतानाच तोडत राहा, लाल होऊ दिली की नवी फुलं मंदावतात. भेंडी फूल पडल्यावर पाच-सहा दिवसांत काढावी लागते, म्हणजे एक दिवसाआड. एक जून भेंडी झाडावर राहिली तरी झाड पुढच्या भेंड्या कमी करतं.

हंगाम संपल्यावर माती फेकू नका. मुळं चाळून काढा, माती ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात चार ते सहा आठवडे ठेवा. मग चौथा हिस्सा नवं खत आणि मुठभर निंबोळी पेंड घालून पुन्हा भरा. टोमॅटोच्या बॅगेत वांगं किंवा मिरची लावू नका, ती एकाच कुळातली आहेत आणि रोगही तेच. त्या जागी चवळी किंवा गवार घ्या. भेंडी लावायची तर आधी खडूच्या खुणांवर पुन्हा एकदा आठ दिवस ऊन मोजा.